काळ्या मसाल्यासमोर कोणती वाइन?

शनिवार-रविवारी घरीच स्वयंपाक करून, चार माणसे बोलावून, जेवणासोबत वाइनचा पेला घेणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. पत्रांतला प्रश्नापुरता भाग ठेवून उत्तरे देत आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण मसाल्याचे जेवण आणि वाइन यांचा संबंध दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

प्रश्न: मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते, म्हणून मटणाचा रस्सा, सुके मटण आणि कडक भाकरी असा बेत केला. ‘लाल मांसाला लाल वाइन’ असे वाचले होते. त्यामुळे दुकानातली त्यातल्या त्यात महाग कॅबरने सॉव्हिन्यॉ आणली. रश्श्याच्या पहिल्या घासानंतर ती इतकी कडू आणि जळजळीत लागली की जावयांनी काही न बोलता पेला बाजूला सरकवला. वाइन खराब होती, की आमचा रस्सा?
(एक गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर: दोन्ही उत्तम असणार, पत्रिका जुळली नाही, एवढेच. ‘लाल मांसाला लाल वाइन’ हा नियम युरोपातल्या स्वयंपाकघरांतून आलेला आहे, आणि तेथे मांसाला बहुधा मीठ, मिरपूड, लोणी याहून फारसे काही लागत नाही. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेले टॅनिन असते. हे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि त्यामुळे कच्चे केळ खाल्ल्यावर पडते तसे तोंड कोरडे पडते. भाजलेल्या मांसाचा घास सोबत असला, तर टॅनिनला धरायला मांसातली प्रथिने मिळतात, वाइन मऊ लागते आणि मांसाचा चरबटपणाही कमी होतो. नियम एवढ्यापुरता खरा आहे.

आपल्या रश्श्यात मात्र मांसाआधी मिरची जिभेला भेटते. तोंडातल्या ज्या संवेदकांना मिरची उष्णतेचा भास करून देते, त्याच संवेदकांना अल्कोहोल अधिक हळवे करते. कॅबरनेमध्ये साधारण १३ ते १४ टक्के अल्कोहोल असते आणि टॅनिनही भरपूर असते. म्हणजे आधीच पेटलेल्या जिभेवर आपण तेल ओतले आणि वर तुरटी फिरवली. पाहुण्यांनी पेला बाजूला ठेवला, यात नवल नाही.

तेव्हा वाइन निवडताना मांसाचा रंग विसरावा आणि ताटातले तिखट, तेल व आंबट पाहावे. तिखट जितके जास्त, तितकी वाइन थंड, कमी टॅनिनची, कमी अल्कोहोलची आणि किंचित गोडसर असावी. तवंग जितका जाड, तितका वाइनचा आंबटपणा अधिक हवा, कारण जिभेवरचे तेल तोच कापतो. या हिशेबाने रश्श्याला पहिली पसंती शेनँ ब्लां द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला द्यावी. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले असले, तरी नाशिककडे ते आता घरचेच झाले आहे. बाटलीवर ‘ड्राय’ (कोरडी, म्हणजे गोडी नसलेली) नव्हे, ‘ऑफ-ड्राय’ (किंचित गोडसर) असे लिहिलेले असेल ती घ्यावी. मटणासोबत पांढरी वाइन ठेवायला मन धजत नसेल, तर गुलाबी रोझे आणावी. लाल द्राक्षांच्या साली रसात थोडेच तास ठेवून ती करतात, म्हणून तिला रंग येतो पण तुरटपणा फारसा येत नाही.

लालच हवी असेल, तर माझे मत सांजोवेझेला आहे, आणि ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातच होते. अकलूजजवळ माळशिरस तालुक्यात ‘फ्रातेल्ली’चे द्राक्षमळे आहेत. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’, आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू व इटलीचे सेच्ची बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून हा उद्योग उभा केला, म्हणून हे नाव. त्यांचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी हे इटलीतल्या टस्कनीचे, आणि सांजोवेझे हे टस्कनीचेच मुख्य द्राक्ष. या वाइनचा आंबटपणा ठळक असतो, त्यामुळे टोमॅटोच्या किंवा चिंचेच्या रश्श्यापुढे ती दबत नाही.

मी घरी एकदा एकाच पातेल्यातला रस्सा दोन भागांत काढला. एका भागात तिखट नेहमीचे ठेवले, दुसऱ्यात निम्म्याहून कमी केले आणि धने, तीळ, दगडफूल तेवढेच राखले. कमी तिखटाच्या रश्श्यासोबत सांजोवेझे उत्तम लागली, नेहमीच्या तिखटासोबत सहन करण्याजोगी. सुक्या मटणासोबत मात्र थोडी थंड केलेली शिराझ ही दुसरी लाल वाइन या दोन्हींपेक्षा सरस ठरली. शिराझला मिऱ्यांचा वास येतो असे म्हणतात, ती कविकल्पना नाही. रोटंडोन नावाचा एकच सुगंधी घटक मिऱ्यात आणि शिराझच्या सालीतही असतो. काळ्या मसाल्यात मिरे, लवंग, दगडफूल असतेच, म्हणून त्यांची ओळख पटकन पटते.

आणखी एक सूचना. शेंगांची चटणी ताटात पहिल्यापासून वाढू नये. लसूण, लाल तिखट आणि कुटलेल्या शेंगांचे तेल तोंडात असे बसते की त्यापुढे वाइनचे काही चालत नाही. पाच-सहा बाटल्यांनंतर मी हे मान्य केले आहे. पेला संपेपर्यंत सुके मटण आणि भाकरी खावी, मग रस्सा घ्यावा, त्यात कडक भाकरी मनसोक्त कुस्करावी आणि तेव्हा चटणी घ्यावी. घास आणि घोट यांच्यामध्ये कोरड्या भाकरीचा तुकडा चावला, तर जीभ पुन्हा कोरी होते. सोलापूरकरांच्या घरात त्यासाठी वेगळे बिस्किट आणण्याची गरज नाही.

प्रश्न: वाइनची वर्णने वाचताना मला हसू येते. लिची, चामडे, ओले गवत, तंबाखू! द्राक्षाच्या रसात हे सगळे येते कुठून? की हा शहरी मंडळींचा भपका आहे? चव नेमकी कशी घ्यायची, हे आमच्यासारख्या साध्या माणसाला समजेल असे सांगावे.
(एक निवृत्त शिक्षक, नवी पेठ)

उत्तर: भपका आहेच, पण सगळा भपका नाही. द्राक्षात आणि किण्वनात, म्हणजे रस आंबताना, जे सुगंधी घटक तयार होतात, त्यांतले कित्येक इतर फळांत, पानांत, मसाल्यांतही असतात. सॉव्हिन्यॉ ब्लां या पांढऱ्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण तिच्यात आणि ढोबळी मिरचीत एकाच कुळातले घटक असतात. थंड तापमानात किण्वन केलेल्या कोवळ्या पांढऱ्या वाइनला कधी पिकल्या केळ्याचा वास येतो, त्याचेही कारण असेच आहे. अडचण वर्णन करण्यात नसून, दुसऱ्याच्या बालपणातली फळे उसनी घेण्यात आहे. ज्याने लिची कधी खाल्ली नाही, त्याने लिची शोधत बसू नये. आपल्या नाकात पिकलेली बोरे आहेत, चिंच आहे, गुऱ्हाळातली काकवी आहे, पहिल्या पावसानंतरची काळी माती आहे. तेच शब्द वहीत लिहावेत. महिनाभरानंतर तीच वाइन पुन्हा चाखल्यावर तेच शब्द सुचले, तर आपले नाक विश्वासू आहे असे समजावे.

चव घेण्याची वेळ मात्र नीट निवडावी लागते. स्वयंपाकघरात फोडणी बसली असेल, देवघरात उदबत्ती जळत असेल किंवा जवळ मोगऱ्याचा गजरा असेल, तर वाइनच्या वासाचा पत्ता लागत नाही. म्हणून बाटली फोडणीच्या आधी उघडावी, किंवा पेला घेऊन गच्चीवर जावे. पेला तिसरा हिस्साच भरावा. तो किंचित कलता करून पांढऱ्या कापडावर धरावा. सोलापूरच्या घरात पांढरा टॉवेल नाही असे सहसा होत नाही, आणि या कामाला त्याहून चांगले काही नाही. लाल वाइन काठाशी जांभळट दिसली तर ती कोवळी असते, विटकरी दिसली तर वयाने वाढलेली. पांढरी वाइन उलट वयाबरोबर गडद होत जाते. मग पेला हलकेच फिरवून नाक आत घालावे, आणि त्यानंतरच लहानसा घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा.

घोट घेतल्यावर स्वतःला विचारण्याचे प्रश्न थोडे आहेत. आंबटपणा किती? त्याने तोंडाला पाणी सुटते. तुरटपणा किती? तो हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूला जाणवतो. हा तुरटपणा ओळखणे अवघड वाटत असेल, तर चहाची पावडर पाण्यात दहा मिनिटे उकळून, दूध-साखर न घालता एक घोट घ्यावा, किंवा डाळिंबाच्या सालीचा कण चघळावा. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाच्या सालीला तोटा नाही. घशात उतरताना ऊब किती लागते, ती अल्कोहोलची. आणि गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते? चांगल्या वाइनची खूण मला या शेवटच्या प्रश्नात अधिक सापडते. नावाच्या उच्चारात आणि किमतीच्या चिठ्ठीत ती सापडेलच असे नाही.

एकच वाइन चाखून काही शिकता येत नाही. तीन-चार घरांनी मिळून दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळावे आणि मग बोलावे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत चाखण्यापुरते दहा पेले सहज होतात. चाखलेला घोट थुंकून टाकायला एक भांडे ठेवावे. त्यात असभ्य काही नाही, वाइनचे जाणकार रोज तेच करतात.

प्रश्न: आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. भाजी-भाकरीच्या जेवणासोबत वाइन शोभते का? आणि वाइन स्वतः शाकाहारी असते का, हे कोणी स्पष्ट सांगत नाही.
(एक वाचक, रेल्वे लाइन्स)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. वाइन द्राक्षांचीच असते, पण ती नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातले केसीन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून काढलेला आयसिंग्लास हा पदार्थ वापरतात. हे पदार्थ गाळासोबत खाली बसतात आणि काढून टाकले जातात. तरीही ज्यांना हे चालत नाही त्यांनी बेंटोनाइट मातीने नितळलेली किंवा काहीही न घालता आपोआप नितळू दिलेली वाइन शोधावी. लेबलावर ‘व्हीगन’ असे छापलेले असेल तर शंका उरत नाही. नसेल तर उत्पादकाला पत्र लिहून विचारावे.

शोभते का, तर मांसाहारी ताटापेक्षा अधिक शोभते, असे माझे मत आहे. भोगीच्या दिवशी आपण घेवडा, गाजर, वांगी, ओला हरभरा घालून, तिळाचे कूट लावून जी भाजी करतो, तिच्यासोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि थंड सॉव्हिन्यॉ ब्लां घेऊन पाहावी. सण आणि सिद्धेश्वराची यात्रा आटोपली की त्याच आठवड्याच्या शेवटी ती भाजी पुन्हा करायला कोणाची हरकत नसते, भाज्या तेव्हाही बाजारात असतात. मेथी, कोथिंबीर, पुदिना या हिरव्या चवींशी या वाइनचा हिरवटपणा जुळतो. भरल्या वांग्यांत शेंगदाणा आणि तीळ यांचे तेल असते, शिवाय वांग्याला स्वतःचा मांसल गर असतो. तेथे रोझे किंवा सांजोवेझे चालते. डाळ-कांद्याला शेनँ ब्लां.

हुरड्याचाही विचार करावा. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेल्या कणसांचा कोवळा, गोडसर, धुरकट दाणा आणि फसफसणारी कोरडी वाइन, जिच्यावर ‘ब्रूट’ लिहिलेले असते, ही जोडी मी शेतात बसून पाहिली आहे. पेले कागदी होते, वारा बोचरा होता, आणि माझ्या आठवणीत ती वाइन आजवरच्या सगळ्या वाइनपेक्षा चांगली आहे. हे मत निःपक्षपाती नाही, हे कबूल करते.

प्रश्न: लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे सगळीकडे लिहिलेले असते. एप्रिलमध्ये आमच्या खोलीचे तापमान ३८ अंश असते. काय करावे?
(एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर: तो सल्ला दगडी भिंतींच्या थंड घरांत राहणाऱ्यांचा आहे, त्यांच्या खोलीचे तापमान म्हणजे १६ ते १८ अंश. लाल वाइन तेवढी, पांढरी ८ ते १२ आणि फसफसणारी ६ ते ८ अंशांवर असावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाल बाटली जेवणाआधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. पाहुणे दारात उभे असतील, तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडे मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. लाल वाइनला दहा-बारा मिनिटे पुरतात, पांढरीला पंचवीस. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी लवकर थंड करते, कारण ते बाटलीला सगळीकडून चिकटते. आणि पेल्यात थोडी थोडी ओतावी, कारण आपल्याकडे ती बोलता बोलता कोमट होते.

साठवणीबाबत माझी स्वतःची चूक सांगते. भेट मिळालेली एक चांगली बाटली मी मार्चमध्ये स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली आणि जूनमध्ये काढली. बूच अर्धा सेंटिमीटर वर आले होते आणि वाइनला जुन्या मुरंब्याची चव होती. तीस अंशांच्या वर काही आठवडे राहिलेली वाइन शिजल्यासारखी होते आणि नंतर कितीही थंड केली तरी सुधारत नाही. उन्हाळ्यात बाटली फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात ठेवावी. बुचाची असेल तर आडवी, फिरकीच्या झाकणाची असेल तर उभी चालते. उघडलेली लाल वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते; फसफसणारी मात्र दुसऱ्या दिवशी संपवावी.

प्रश्न: आमची नान्नज परिसरात थॉमसन आणि सोनाकाची बाग आहे. बाजार पडला की वाटते, याच द्राक्षांची घरच्या घरी वाइन का करू नये?
(एक द्राक्षबागायतदार)

उत्तर: आधी कायद्याचे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, घरगुती वापरासाठी असले तरी.

आता द्राक्षाचे. आपण खाण्याच्या द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचे संजीवक) देऊन, विरळणी करून मणी लांब आणि फुगीर करतो, आणि गिऱ्हाइकाला साल पातळ व बी नसलेले हवे असते. वाइनच्या द्राक्षात नेमके उलटे पाहतात: मणी लहान, साल जाड, आत बिया, कारण रंग, टॅनिन आणि बराचसा सुगंध सालीत असतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त येते. साखरेचेही तसेच. खाण्याची द्राक्षे १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे शेकडा प्रमाण) काढली तरी गोड लागतात. वाइनसाठी २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत थांबावे लागते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होते, असा हिशेब केला तर १८ ब्रिक्सच्या रसाची वाइन दहा टक्क्यांच्या आसपास अडते आणि पाणचट लागते. छाटण्यांचे वेळापत्रक मात्र तुमच्या ओळखीचेच आहे: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. वाइनच्या द्राक्षांत खरेच रस असेल, तर कारखान्याशी आधी खरेदीचा लेखी करार करावा आणि मगच वेली लावाव्यात. ही द्राक्षे मंडईत कोणी विकत घेत नाही.

प्रश्न: उरलेली वाइन मटणात घातली तर अल्कोहोल उडून जाते ना? मुलांना वाढायचे असते.
(एक वाचिका, होटगी रोड)

उत्तर: सगळे उडत नाही. अर्धा तास उकळल्यावरही सुमारे ३५ टक्के उरते, तासाभरानंतर २५ टक्के. मुलांच्या पातेल्यात घालू नये.

प्रश्न: रोज एक पेला लाल वाइन हृदयाला चांगली असते, असे डॉक्टर नसलेले सगळे सांगतात. खरे का?
(एक वाचक, सात रस्ता)

उत्तर: औषध म्हणून मुळीच सुरू करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. जो घेत नाही त्याने या सदरामुळे घेऊ नये; जो घेतो त्याने आठवड्यातून एखाद्या जेवणासोबत, थोडी आणि गाडी चालवायची नसताना घ्यावी.

प्रश्न: जेवणानंतर आमच्याकडे शेंगपोळी असते. तिच्यासोबत कोरडी लाल वाइन फार आंबट लागली.
(एक वाचिका, पंढरपूर)

उत्तर: लागणारच. गोड पदार्थापेक्षा वाइन कमी गोड असली, की तिच्यातली उरलीसुरली गोडी हरपते आणि फक्त आंबट-तुरट शिल्लक राहते. गुळाच्या शेंगपोळीला ‘लेट हार्वेस्ट’ प्रकारची शेनँ ब्लां आणावी. वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेल्या, साखर दाटलेल्या द्राक्षांची ती असते. नाशिकची ‘सुला’ ती करते आणि ३७५ मिलिलिटरच्या लहान बाटलीत देते, चार माणसांना तेवढी पुष्कळ होते. शेंगपोळी आदल्या दिवशी केलेली घ्यावी, तूप कमी लावावे आणि वाइन चांगली गार असावी.